सुगरणीचा गृहपाठ

देवाशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मला सांगणारा कावळा तरी तसंच म्हणाला.

एका बाभळीवर साळुंकीबाई पिल्लांची बालवाडी चालवायच्या. एकदा त्यांनी गृहपाठ दिला. गवताच्या पात्याला एक गाठ मारून आणा, वाकडी चालेल. दुसऱ्या दिवशी भुरूची आई, सुगरण, आख्खं दुमजली घरटं घेऊन हजर.

"सगळं भुरूनंच केलं हो. मी नुसती मदत केली."

"कसली मदत?"

"विणायची."

भुरूनं घरट्यात डोकावून विचारलं, "आई, इथं कोण राहतं?"

बाईंनी कपाळावर पंख मारला. वर्षभर हेच चाललं होतं, आणि भुरूला अजून काडी धरता येत नव्हती. "उद्यापासून तुम्हीच वर्गात बसा," त्या सुगरणीला म्हणाल्या. "भुरू येईल तुम्हाला सोडायला."

सुगरण खरंच बसली. दिवसभर बडबडगीतं म्हणून तिची चोच दुखायला लागली. घरी येऊन गृहपाठाचं पातं बघितलं आणि ती आडवीच झाली.

"तू पड गं, मी करतो," भुरू म्हणाला. पातं सारखं निसटत होतं. पण आईत उठायचं त्राण नव्हतं, ती नुसती बघत राहिली.

सकाळी तिनं बाईंपुढे एक वाकडी गाठ ठेवली.

"ही तुम्ही मारलीत?"

"नाही हो, भुरूनं. मी मदतसुद्धा नाही केली."

बाईंनी ती गाठ शेंड्यावर टांगली आणि सुगरणीला शाळेतून काढून टाकलं.

चला, गोष्ट सांगितल्याबद्दल पसाभर शेंगा काढा. सोलून हव्यात, आणि सोलायच्या तुमच्या पोरानं. तुम्ही नुसतं बघायचं.