बकुळाच्या दाताचं शिंग

मोगऱ्याच्या मळ्यांचं एक गाव होतं. तिथे बकुळा नावाची गुणाची पोर आईबरोबर गजरे ओवायची. घरात पीठ कधी असायचं, कधी नसायचं. असलं तरी बकुळाला भाकरी कुठे नीट खाता यायची! तिच्या वरच्या पुढच्या दाताला मागून एक इवलंसं टोकदार शिंग होतं. घास चावला की जीभ सोलवटायची. पोरं तिला "शिंगीबाई" म्हणून चिडवायची, म्हणून बिचारीनं हसणंच सोडलं होतं.

एका सकाळी तिला चिखलात रुतलेलं फूलपाखरू दिसलं. तिनं ते अलगद उचलून पुसलं. अन् काय सांगू, ती होती परी! गुलाबी झगा, चंदेरी पंख, केसांत दवाचे मोती.

"काय हवं तुला, बाळ?"

"हे शिंग जायला हवं," बकुळा पुटपुटली. "आत्ताच."

"आत्ताच नाही गं राणी. दाताच्या पोटात जीव असतो, एकदम घासलं तर त्याला दुखतं. दर पौर्णिमेला पहाटे मी थोडंथोडं घासेन. पण तोवर दातानं दोरा तोडायचा नाही. तोडलास तर मी येणार नाही."

आता गजरेवाल्यांच्या घरी हे काय सोपं आहे? तिथे दात हीच कात्री! पण बकुळानं मनावर घेतलं. परी चांदीच्या चिमुकल्या कानशीनं घासायची आणि शिंग हळूहळू झिजायचं.

आता एकच पौर्णिमा उरली होती. तिच्या आदल्या दिवशी मळ्यात एक शिंजीर पक्षी दोऱ्यात अडकला. दोरा गळ्याशी आवळत होता, कापायला जवळ काही नव्हतं आणि घर लांब होतं. बकुळाला रडूच आलं. परी गेली तर शिंग जन्मभर राहणार.

"राहू दे," ती म्हणाली आणि तिनं कचकन दातानं दोरा तोडला. पक्षी भुर्रकन उडाला.

पहाटे ती मळ्यात गेली, तर समोर परी.

"मी दोरा तोडला," बकुळानं आधीच सांगून टाकलं.

"ठाऊक आहे गं. नियम दात जपायला होता, कुणाचा जीव जाताना बघत बसायला नाही."

परीनं उरलेलं टोक घासलं, वर मोत्यासारखा शुभ्र लेप लावला. मग सोनेरी उजेड पसरला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

बकुळा घरी धावली. काही सांगायच्या आधीच तिला खुदकन हसू फुटलं, ते थांबेचना. ते बघून आई चुलीपुढेच रडायला लागली. तव्यावरची भाकरी करपली. दोघींनी ती तशीच आवडीनं खाल्ली.