चौकट पोचली

"मग मला कसं दिसतंय, बुवा?"

सुश्रुतनं लॅपटॉप धुंडीबुवांच्या जवळजवळ नाकालाच टेकवला. पडद्यावर मठाचं निमंत्रण झळकत होतं. बुवांचा हसरा फोटो, आणि सगळा मजकूर त्या फोटोवरच वळणदार अक्षरांत: येत्या रविवारी बुवा मौन घेणार, त्याआधीचं शेवटचं बोलणं, सकाळी मठात या.

बुवांनी हौसेनं पाहिलं. "छान आहे की. मग अडलंय कुठं?"

"लोकांना ईमेलमध्ये नुसती रिकामी चौकट दिसतेय."

"काय म्हणतात लोक?"

सुश्रुत कॉम्प्युटर इंजिनिअर. मठाची पत्रिका ईमेलवर नेली ती यानंच, आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. आता मात्र उत्तरं वाचून दाखवताना त्याचा तोरा उतरला होता.

"कराडच्या कुमुदिनीताई लिहितात, 'चौकट पोचली. शून्याचा उपदेश फार खोल. रोज समोर ठेवून बसते.' मिरजेचे वकील म्हणतात..."

बुवा खो खो हसले. "अरे, मला इतकं बोलून जमलं नाही ते तुझ्या चौकटीनं केलं!"

"हसता काय, बुवा! येतो असं एकानंही लिहिलेलं नाही. रविवारी तुम्ही बोलणार कुणाशी, भिंतींशी? आणि नंतर तुमचा आवाज..." त्यानं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. "माझं काही चुकलेलं नाही. दहा वेळा उघडून पाहिलं. दर वेळी दिसलं!"

"फोटो ठेवलायस कुठं?"

"माझ्या लॅपटॉपवर. ईमेलमध्ये तिथला पत्ता दिलाय."

"अस्सं..."

बुवा उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी कडी लावून घेतली.

"सुश्रुत," आतून आवाज आला, "मी हसतोय बघ. दिसतंय?"

"कसं दिसेल? दार बंद आहे."

"कमाल आहे! इथं आरसा आहे. मला तर दिसतंय."

सुश्रुतनं कपाळावर हात मारला. त्यानं फोटो मठाच्या वेबसाइटवर चढवला, म्हणजे तो कुणालाही उघडता येईल, आणि ईमेलमध्ये तिथला पत्ता घातला.

"झालं, बुवा! आता सगळ्यांना दिसेल. या बाहेर."

"सगळ्यांना?"

"म्हणजे... काहींच्या ईमेलमध्ये फोटो आपोआप उघडतच नाहीत. त्यांचं ते बघतील."

कडी काही निघाली नाही.

"मी दिसतोय का रे?"

"नाही हो!"

"मग मी आत आहे हे तुला कसं कळतंय?"

"तुम्ही बोलताय म्हणून!" सुश्रुत चिडून म्हणाला, आणि तिथंच थांबला.

मग त्यानं फोटोखाली साध्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. रविवारी सकाळी मठात बुवा शेवटचं बोलणार आहेत. नक्की या. फोटो उघडो न उघडो, तेवढं वाचता येणार होतं. ईमेल पुन्हा सगळ्यांना गेली, तेव्हा कुठं कडी निघाली.

संध्याकाळपर्यंत उत्तरं यायला लागली. कुमुदिनीताई जरा हिरमुसल्या होत्या, पण येणार होत्या.

सुश्रुत खुलला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला.

"बुवा, रविवारनंतर तुमचा आवाजही नसेल. लोक येतील, समोर बसतील... त्यांना काय दिसणार?"

"रिकामी चौकट," बुवा म्हणाले. "खालच्या दोन ओळी तू लिही."