न सांगितलेली वसुली

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. त्याला ढगांना टेकणारा मनोरा बांधायचा होता. कालदंत नावाच्या मायावीने त्याला कधीही न आटणारा पेटारा दिला आणि भर दरबारात सांगितले, "हवे तेवढे सोने घे. त्याची वसुली एके दिवशी प्रजेच्या घराघरांतून होईल. किती आणि कधी, ते मी सांगणार नाही."

राजाने सारे कर माफ केले, कारागिरांना दुप्पट मजुरी दिली. तरी बाजार ओस पडला. लोक मजुरी घेत आणि जमिनीत पुरून ठेवत. राजाने आणखी सोने उधळले. लोकांनी खड्डे आणखी खोल केले.

राणी मृणालवती वेष पालटून विणकरीण नागूच्या घरी गेली. नागू मनोऱ्याची निशाणे विणत असे. तिने मुलीला अर्धीच भाकरी वाढली होती.

"घरात सोने असून लेक उपाशी?" राणीने विचारले.

"वसुली यायची आहे, बाई. किती ते कळले असते, तर तेवढे बाजूला ठेवून बाकीचे खाल्ले असते."

राणीने हे राजाला सांगितले. तेव्हा खिडकीत बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, "राजा, हा शाप आहे. मनोरा थांबव. कालदंताकडून वसुलीचा आकडा आण. तो स्वतःच्या तोंडाने प्रजेला सांग."

राजाने मनोरा थांबवला. मग तो सात डोंगर ओलांडून कालदंताच्या गुहेत गेला. आकड्याच्या मोबदल्यात कालदंताने त्याच्या आयुष्यातली वीस वर्षे मागितली. राजाने दिली. तो म्हातारा होऊन परतला, तेव्हा राणीने त्याला केवळ चालीवरून ओळखले.

तिसरे काम त्याला सर्वांत जड गेले. चौकात उभा राहून तो म्हणाला, "हौस माझी होती, भार तुमच्यावर पडला. चार वर्षे दर सुगीला मिळकतीचा आठवा हिस्सा द्यावा लागेल. त्याहून कणभरही जास्त नाही. पहिला हिस्सा राजवाडा भरेल."

लोक चिडले. काहींनी शिव्या दिल्या. राजाने त्या ऐकून घेतल्या.

नागू घरी गेली. आठवा हिस्सा तिने वेगळ्या मडक्यात ठेवला आणि मुलीला पोटभर जेवू घातले. दुसऱ्या दिवशी तिने तेल आणले. तेल्याने घागर घेतली, कुंभाराने नागूकडून लुगडे. पेटाऱ्याचे झाकण आपोआप मिटले ते कायमचे. शाप सुटला.

पाचव्या सुगीला वसुली उरली नाही. त्यानंतर म्हातारा राजा पुन्हा चौकात आला. "नदीला बंधारा हवा आहे. दोन सुग्या दहावा हिस्सा पडेल. बांधू का?"

लोकांनी दुपारपर्यंत वाद घातला. मग नागू पुढे येऊन म्हणाली, "बांधा, महाराज."