धुरपाचा तळवा

उसाला बैलांचा चरक होता आणि माणसांच्या पायांत चपला नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी शिकलेला नाही. ऐकली तशी सांगतो. कुणी गुळगुळीत करून सांगायला लागलं तर त्याचं ऐकू नका.

आमचं खडकोळं गाव गुळाचं. त्या वेळी हैबती नावाचा गुळव्या होता. काहिलीतल्या रसाचा नुसता वास घेऊन तो सांगायचा, आता उतरवा. त्याच्या गुळाच्या वासानं वाघ उसातनं बाहेर यायचा आणि चुलाणापाशी मांजरासारखा बसायचा, असं म्हणतात.

गावाची एक रीत होती. हंगामाची पहिली काहील उतरली की वर्षभरात जन्मलेली पोरं तिथं आणायची. गुळव्यानं कोमट काकवीत बोट बुडवून एकेकाच्या जिभेला लावायचं, मगच नाव ठेवायचं. गोड बोट लागलं नाही ते पोर गावाचं नाही. त्याला नावही नाही.

हैबतीची बायको धुरपा. मामाचीच पोर केलेली, म्हणजे सासू तिची सख्खी आत्या. धुरपाला पहिला मुलगा झाला. अंगावर पीत होता तोवर चांगला गुटगुटीत होता. गोड बोट लागलं आणि ओकायला लागला. आता गुळाच्या गावात पोर अशक्त झालं तर काय करणार? काकवी चाटवणार. गूळ म्हणजे ताकद. जितकं वाळत गेलं तितकी जास्त चाटवली. पोर पिवळं पडलं, पोट फुगलं, गेलं. दुसऱ्याचंही तसंच. दोन्ही ओढ्याकाठी पुरली. गावानं दृष्ट काढली, कोंबडं कापलं, शेवटी धुरपालाच पांढऱ्या पायाची म्हटलं. सोपं असतं ते.

तिसरी मुलगी झाली. हंगाम जवळ आला तशी धुरपा सासूला म्हणाली, "आत्या, हिला बोट लावायचं नाही. माझी पोरं त्या दिवसापासनं सुकतात."

"अगं, सगळं गाव चाटतंय. शेजारणीची पोरं बघ, बैल झालीत नुसती. तुझ्या एकटीसाठी त्यात विष पडतंय होय?"

"तुमचीही पोरं गेली होती की, आत्या. ती कधी गेली?"

म्हातारी विझलेल्या चुलीत फुंकत बसली.

पहिली काहील उतरायच्या दिवशी सगळं गाव चुलाणापाशी जमलं. हैबतीनं बोट पुढं केलं. धुरपानं पोरीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"हात काढ," तो म्हणाला. "गावापुढं माझी लाज घालवू नकोस."

"लाज मिळंल परत. ही मिळायची नाही."

पाटील म्हणाला, "गावाच्या गुळाला दोष देतीस काय? मग घाल हात काहिलीत. खरी असशील तर भाजणार नाहीस."

डावा तळवा पोरीच्या तोंडावर तसाच ठेवून धुरपानं उजवा हात चुलाणावर चढलेल्या दुसऱ्या काहिलीच्या उकळत्या रसात घातला. कोपरापर्यंत. काहीजण सांगतात, हात भाजला नाही. खोटं आहे. भाजला, कातडं सोलून आलं. पण डावा तळवा तसूभर हलला नाही. त्या काहिलीतला गूळ बसला नाही, काळा पडला, असं म्हणतात.

हात भाजला म्हणून गावानं तिला खोटी ठरवलं. बिननावाची पोर घेऊन ती ओढ्यापल्याड झोपडीत राहिली. चौथ्या दिवशी म्हातारी डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन ओढा ओलांडून गेली, ती परत आलीच नाही. जखम चिघळली आणि धुरपा पावसाळ्याआधीच मेली. पोरीला म्हातारीनं शेळीच्या दुधावर वाढवलं. पुढं भाकरी, भात, ताक. गोडाचा कण नाही.

दुसऱ्या वर्षी हैबती ओढ्याच्या अलीकडं उभा राहिला. पलीकडं पोर चालत होती. तो बघत राहिला. त्याच्या हाताखाली पुन्हा कधी गूळ बसला नाही, नुसती काकवीच राहायची, असं म्हणतात. ती पोर मात्र नव्वदीपार गेली, आणि मरताना तिच्या तोंडात सगळे दात होते. तिचं नाव कुणाला सांगता येत नाही. ठेवलंच नव्हतं.

दवाखान्यातली माणसं आता सांगतात, काही लेकरांच्या अंगात असलं गोड जिरवायचं बळच नसतं. ती खोट आई आणि बाप दोघांकडनं आली की लेकरू त्यात सापडतं. गूळ तोच, एकाला बाळसं देतो, दुसऱ्याला खातो. बरोबर असेल. धुरपाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं अजून पहिल्या काहिलीला पोरं आणतात. गुळव्या बोट बुडवतो आणि आधी आईला विचारतो, "लावू का, बाई?" आईनं तोंडावर तळवा ठेवला तर तो बोट मातीला पुसतो, पोराचं नाव मोठ्यानं घेतो आणि पुढं सरकतो. का म्हणून कुणी विचारत नाही. एवढं गप्प राहायला शिकायला आमच्या गावानं ओढ्याकाठी हातभर लांबीचे खड्डे खणले.