खुरापाशी बसणारी सून

“मुकी आहे की काय ही? गवा कुठल्या टोकानं लढतो, तेसुद्धा हिला सांगता यायचं नाही.”

एका जंगलात, ऐनाच्या उंच झाडावर, एक साळुंकी आपल्या नवऱ्याला असं म्हणाली. म्हणणारी त्या घरची थोरली जाऊ होती. जिच्याबद्दल म्हटलं ती नवी सून पलीकडच्याच फांदीवर, पानाआड चोच पुसत बसली होती. तिला हे ऐकू जावं असं कोणाच्याच मनात नव्हतं. पण मुलांनो, गप्प बसणाऱ्यांचं एक असतं. ते जवळ आहेत हेच लोक विसरून जातात, आणि मग नको ते सगळं त्यांच्या कानावर येतं. सुनेनं चोच पुसली, पुसून झाली होती तरी पुन्हा एकदा पुसली.

तसं बोलायला तिथं जागाही नव्हती. त्या घराला गव्यांच्या झुंजींचं भारी वेड. साळुंक्यांचं पोट गव्यांवरच चालायचं. अंगावर बसायचं, गोचीड आणि गोमाश्या टिपायच्या, पोट भरलं की झाडावर येऊन येत्या झुंजीबद्दल बोलायचं. सकाळी तेच, दुपारी तेच. सून माहेरी होती तेव्हा तिच्या घरी पाण्यापावसाबद्दल, किड्यांबद्दल, फार तर ससाण्याबद्दल बोलणं व्हायचं. इथं लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा : “सूनबाई, तू कोणाकडून? थोरल्याकडून की धाकट्याकडून?” ती बिचारी, आपल्या दिराबद्दल नि नवऱ्याबद्दल विचारताहेत असं समजून, लाजली होती.

थोरला आणि धाकटा हे दोन गवे. डोंगराच्या कड्यालगत पांढरट, खारट मातीची एक जागा होती. सगळा कळप तिथं माती चाटायला यायचा, आणि आधी कोणी चाटायची हे ज्याच्या अंगात जोर त्यानं ठरवायचं. कित्येक उन्हाळे तो मान थोरल्याचा होता. यंदा धाकटा वयात आला होता. त्याच्या खांद्यावर नवं मांस चढलं होतं आणि तो वारुळं उकरत हिंडत होता.

सासरे थोरल्याचे. “मान बघ त्याची, मान,” ते म्हणायचे. “ऐनाचा बुंधा आहे.”

“बुंधा जुना झाला की आतून पोकळ होतो, आबा,” थोरला दीर म्हणायचा. तो धाकट्याचा.

मग सासरे जुनी झुंज सांगायला घेत. थोरल्यानं तरुणपणी एकाला असं रेटलं होतं की त्याची पाठ आपटून एक दगड फुटला होता. सुनेच्या लक्षात आलं होतं की ती आल्यापासून त्या गोष्टीतला दगड तीन वेळा मोठा झाला आहे. पण सांगताना सासऱ्यांचे डोळे इतके चमकायचे की तिला तो दगड आणखी थोडा वाढला तरी चालला असता. तिचा नवरा ना थोरल्याचा, ना धाकट्याचा. ज्याच्या शेजारी बसेल त्याला मान डोलवायचा, आणि घरट्यात आल्यावर बायकोला हळूच सांगायचा, “मला दोघेही पटतात गं. काय करू?”

अंदाज नुसता सांगून चालत नसे, कितव्या धडकेत निकाल लागेल तेही सांगावं लागे. सासरे म्हणाले, थोरला, चौथ्या धडकेत. दीर म्हणाला, धाकटा, दुसऱ्याच. आणि घरचा नेम असा, की ज्याचा अंदाज चुकेल त्यानं उन्हाळाभर खुरापाशी बसायचं.

खुरापाशी म्हणजे काय, ते सांगायला हवं. हे घर थोरल्याच्या अंगावर पोट भरायचं, आणि तिथं कोणी कुठं बसायचं हे ठरलेलं होतं. वशिंडावर सासरे, कारण तिथून सगळं रान दिसतं. पाठीवर थोरला दीर आणि जाऊ. पुठ्ठ्यावर नवरा. आणि नवी सून सगळ्यात खाली, जमिनीवर, खुरापाशी. तिथं धूळ उडते, शेण पडतं, आणि गव्यानं पाय उचलला की जीव मुठीत धरून बाजूला व्हावं लागतं. “पुढल्या वर्षी दुसरी सून आली की तू वर सरकशील हो,” जाऊनं तिला समजावलं होतं. तीही एके काळी तिथंच बसली होती, आणि वर सरकल्यापासून तिनं खाली पाहिलं नव्हतं.

म्हणून वरच्यांना थोरल्याची मान दिसे, खांदे दिसत, शिंगं दिसत. सुनेला दिसायचा त्याचा पुढचा उजवा खूर.

तो खूर उकलला होता. वरपासून खालपर्यंत भेग गेली होती आणि आतलं लाल मांस दिसत होतं. माश्या तिथं घोंगावायच्या. सून रोज आधी त्या टिपायची, मग स्वतःचं पोट भरायची. थोरला चालताना लंगडत नसे. तो इतका सावकाश, इतका ऐटीत चालायचा की वरून पाहणाऱ्याला तो रुबाबच वाटावा. पण तो पाय टेकला की त्याच्या कातडीवरून एक थरकाप खांद्यापर्यंत जायचा, आणि सासरे वशिंडावरून अभिमानानं सांगायचे, “बघा, कसा फुरफुरतोय.”

एकदा सगळे झाडावर गेल्यावर थोरल्यानं मान खाली केली. “पोरी,” तो म्हणाला, “माझ्या पायाचं वर सांगितलंस?”

“नाही.”

“का गं?”

“मला कोणी विचारलं नाही,” सून म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, “तुम्ही मान वळवून बाजूला का होत नाही, आजोबा?”

तिनं हे विचारलं, कारण गव्यांची रीत शहाणपणाची असते. भिडण्याआधी दोघं एकमेकांसमोर आडवे उभे राहतात आणि आपलं सगळं अंग दाखवतात. ज्याला माघार घ्यावीशी वाटेल त्यानं मान वळवून निघून जायचं. मान वळवणाऱ्याच्या मागे दुसरा धावत नाही. बहुतेक तंटे असेच मिटतात. पण ऐनाच्या झाडावर अशा गव्याला ‘मानवळव्या’ म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना चोच वाकडी करत.

“वळवली असती,” थोरला म्हणाला. “माती काय, दुसऱ्या नंबरानं चाटली तरी खारटच लागते. पण तुझा सासरा रोज माझं नाव घेतो. वर बसून तो बोलायला लागला की मला माझं वय कळत नाही. त्याला काय वाटेल?”

सुनेनं खुरावरची एक माशी टिपली. मग ती कड्याकडे पाहत राहिली. तिथला उतार मुरमाड होता. त्या उतारावर, त्या पायानं, कोणी रेटलं तर काय होईल हे सांगायला झुंजींचा जाणकार असावं लागत नव्हतं. गवा एकदा कड्यावरून खाली गेला की परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी कोतवाल आला. शेपटीला दोन टोकं असलेला हा काळा पक्षी. इकडचं तिकडे पोचवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सकाळी थोरल्यापाशी, दुपारी धाकट्यापाशी. तो सुनेजवळ येऊन बसला आणि साखर घोळलेल्या आवाजात म्हणाला, “वहिनी, तुम्ही रोज इथं असता. म्हाताऱ्याला दम लागतो का हो? पाय वगैरे ठीक ना?”

“गोचीड पुष्कळ आहेत,” सून म्हणाली.

कोतवालानं आणखी बरंच विचारलं आणि तिनं प्रत्येक वेळी त्याला गोचीडांचीच माहिती दिली. शेवटी तो कंटाळून ऐनावर गेला आणि तिथं म्हणाला, तुमची सून म्हणजे अगदीच साधी आहे हो. जाऊ म्हणाली, ते काय नवीन. नवऱ्यानं तेवढी मान डोलवली नाही.

मग झुंजीचा दिवस उजाडला. ऐनावर आणि आजूबाजूच्या झाडांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. बुलबुल आले, पोपट आले, ज्यांना झुंजीतलं ओ की ठो कळत नाही ते होलेसुद्धा आले आणि शेजाऱ्याला विचारून अंदाज सांगू लागले. सासरे सगळ्यात उंच फांदीवर. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सून मात्र वर आलीच नाही. ती खाली खुरापाशी होती. गर्दीत ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

धाकटा खारट मातीपाशी आला आणि आडवा उभा राहिला. उन्हात त्याचं अंग तेल लावल्यासारखं दिसत होतं. थोरलाही आडवा उभा राहिला. वरून एकच कल्ला उठला. त्यातून सासऱ्यांचा चिरका आवाज वेगळा ओळखू येत होता. “चौथ्या धडकेत रे, चौथ्या!”

थोरल्यानं शिंगं खाली घेतली. त्याच्या उजव्या पायावरून थरकाप चढत गेला. या वेळी तो थांबेना.

“आजोबा,” सून अगदी खालून म्हणाली, “झुंज संपली की ते सगळे उडून जातील. पाय तुमच्यापाशीच राहील.”

थोरला तसाच उभा राहिला. त्यानं वरच्या झाडांकडे एकदा पाहिलं, कड्याकडे एकदा पाहिलं. मग त्यानं शिंगं वर घेतली, मान सावकाश डावीकडे वळवली, आणि तो ओढ्याकाठच्या मऊ चिखलाकडे निघाला. तितक्याच सावकाश, तितक्याच ऐटीत. धाकट्यानं रीतीप्रमाणे पाठलाग केला नाही. त्यानं एकदा जमीन उकरली आणि माती चाटायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर तोही आतून भ्यालेला होता. इतके दिवस तोही कोतवालाकडून थोरल्याच्या मानेचं वर्णन ऐकत आला होता.

 झाडांवर मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. दीर म्हणाला, धाकटा जिंकला, म्हणजे माझाच अंदाज खरा. बुलबुल म्हणाले, धडकच झाली नाही तर दुसऱ्या धडकेत जिंकला कसा? कोणी ‘मानवळव्या’ म्हणून ओरडलं.  सासरे पंखात मान घालून बसले, आणि इतके लहान दिसू लागले की नवरा त्यांच्याजवळ सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी भूक सगळ्यांनाच लागली. थोरला चिखलात उभा होता, वशिंड रिकामं होतं. सासरे त्याच्यावरून एक घिरटी घालून खाली आले आणि मुकाट्यानं सुनेच्या शेजारी, खुरापाशी बसले. नेम म्हणजे नेम. मागोमाग दीर आला, कुरकुरत, कारण धडक झालीच नव्हती हे त्यालाही नाकारता येईना. त्याच्यामागे जाऊ आली. नवऱ्याचा अंदाजच नव्हता, पण तोही आला. त्या एवढ्याशा जागेत सगळं घर दाटीवाटीनं बसलं आणि वर त्या अवाढव्य पाठीवर कोणीच नव्हतं.

तेव्हा थोरल्यानं चिखलातून पाय उचलला, आणि सासऱ्यांना तो खूर दिसला.

 भेगेवर एक माशी बसली. सुनेनं पुढे होण्याआधीच त्यांनी ती टिपली. 

“इतका दुखत होता,” ते म्हणाले, “आणि मी वर बसून चौथी धडक मोजत होतो.” थोरल्यानं मान वळवून त्यांच्या डोक्यावर एक उबदार उसासा सोडला. तेवढ्यानं त्यांचं पीस नि पीस विस्कटलं, पण ती सावरायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. “तुला माहीत होतं, सूनबाई. मग आम्हाला एका शब्दानं सांगितलं का नाहीस?”

सगळं घर तिच्याकडे वळलं. जाऊसुद्धा. सुनेनं सवयीनं चोच पुसली. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज चांगला स्वच्छ होता :

“गवा कुठल्या टोकानं लढतो ते मला अजूनही सांगता यायचं नाही, जाऊबाई. पण मामंजी, मी पायाचं सांगितलं असतं, तर तुम्ही झुंज थांबवली नसती. अंदाज बदलला असता.”

तात्पर्य : ज्याच्या नावानं आपण ओरडतो, त्याचं काय दुखतंय हे आधी खाली उतरून पाहावं.