सव्विसावी किटली

ज्या काळी जनावरांना बोलायला आणि ऐकायलाही सवड होती, त्या काळी एका सुतारपक्ष्याने सहलीला आलेल्या माणसांनी विसरलेली किटली आणि तिच्याशेजारची दोन केळी लाकडी ठशात कोरली. छापताना किटली केली भडक गुलाबी, आणि केळी चक्क निळी! "पंचवीसच छापीन," असे सांगून त्याने प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात क्रमांक घातला. एकोणिसावे चित्र टिमकी खारीने महिनाभर जमवलेली चारोळी देऊन घेतले. साधी किटली एवढी देखणी असू शकते, हे तिला तेव्हाच कळले.

सगळी चित्रे गेल्यावर गजाप्पा हत्ती आला.

"मलाही एक छाप रे."

"पंचवीस झाली, पाटील."

"एकाने काय बिघडतंय? जंगलात माझा शब्द चालतो ना?"

शेजारच्या फांदीवरून ऐकणाऱ्या टिमकीचा जीव खालीवर झाला. आज हत्तीला दिले, तर उद्या वाघ मागेल. मग तिच्या चित्राला कोण विचारणार?

चार महिने खपून कोरलेल्या त्या ठशाकडे सुतारपक्षी बराच वेळ बघत राहिला. मग चोचीने त्याने त्यावर खोल, आडवी चीर पाडली.

"आता मलाही छापता येणार नाही, पाटील."

गजाप्पा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिमकीच्या ढोलीत एकदम अंधार झाला. तोंडाशी गजाप्पाचा भला मोठा डोळा होता.

"खारूताई, तुझं चित्र बघू देतेस?"

"आत या म्हणायला जागा नाही हो, पाटील," टिमकी ओशाळून म्हणाली आणि चित्र घेऊन बाहेर फांदीवर, उजेडात आली.

ऊन तापेपर्यंत गजाप्पा तिथून हलला नाही.