रिंगणाची सुतळी

“निवड चुकली होती का, आपा? तेवढं एकच सांगा.”

आपा उकिडव्या बसून सुतळीचा गुंता सोडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मघापासून विचारतेय मी.”

“ऐकू येतं मला,” आपा म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती. कोल्हापुरातल्या एका तालमीमागचं मैदान. हमीदाबानू बागवान, म्हणजे सगळ्यांच्या आपा, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. मुलींचा फुटबॉल म्हटलं की लोक दात काढायचे, त्या काळापासून त्या इथं मुलींना शिकवत होत्या.

विचारणारी वैजयंता सरनाईक त्यांच्याच हाताखाली घडलेली. राज्याकडून खेळली, मग जिल्ह्याच्या मुलींची प्रशिक्षक झाली आणि गेल्या वर्षापासून जिल्हा फुटबॉल संघटनेची सचिव. अंगात संघटनेचा निळा कोट. कोट घालून मैदानात येणाऱ्या माणसांबद्दल आपांचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण आज त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

मैदानाच्या कडेच्या रेघा मारून झाल्या होत्या. शेजारी फक्कीचा डबा होता. पत्र्याचा, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला, चुन्याच्या भुकटीनं अर्धा भरलेला. आपांची पद्धत जुनी होती. बाहेरच्या रेघा त्या स्वतः मारत. मधलं रिंगण मात्र ठेवून देत. त्या दिवशी जिला संघातून वगळलं असेल, तिनं ते मारायचं. आपा मधोमध खुंटीपाशी सुतळीचं एक टोक धरून बसायच्या. ती पोरगी दुसरं टोक धरून, फक्की सांडत, त्यांच्याभोवती फिरायची. सगळ्यांच्या देखत, नाक ओढत.

बघणाऱ्याला हा दुष्टपणा वाटायचा. वैजयंतालाही वाटायचा.

“नुसतं हो किंवा नाही म्हणा,” ती म्हणाली.

“न्हाई चुकली. रेवतीचा डावा पाय त्या वर्षी चालत न्हवता. मीबी वगळली असती तिला.”

याच वाक्यासाठी वैजयंता आली होती. ते मिळालं, आणि तिला जराही बरं वाटलं नाही.

“झालं न्हवं समाधान? जा आता,” आपा म्हणाल्या.

ती गेली नाही...

रेवती चौगले आधी आपांची, मग वैजयंताच्या जिल्हा संघातली. दोन वर्षांपूर्वी मोठ्या स्पर्धेसाठी वैजयंतानं निवडलेल्या संघात तिचं नाव आलं नाही. त्यानंतर ती कुठल्याच मैदानावर दिसली नाही.

“परवा तिच्या सासरी जाऊन आले,” वैजयंता म्हणाली.

“काय म्हणाली?”

“चहा दिला.”

“मग?”

“मला ताई म्हणायची ती. परवा मॅडम म्हणाली.”

आपांचे हात थांबले.

“बूट आहेत का गं अजून, असं विचारलं. धाकट्या दिराला दिले म्हणाली. त्याला बरोबर बसतात म्हणाली... पायात जोडवी होती, आपा. मी नुसती तिच्या पायांकडं बघत बसले.”

आपांनी गुंत्यातला एक पदर ओढला. तो सुटला नाही. त्यांनी दुसरा धरला.

“तिच्या जावेनं बाहेर येऊन सांगितलं मला. रेवतीला वडिलांनी बजावलं होतं म्हणे. या खेपेला संघात नाव आलं तर खेळ, नाही आलं तर येईल ते स्थळ पत्करायचं. मला त्या वेळी हे कळलं असतं तर...”

“तर संघात घेतली असतीस?”

खोटं बोलायला वैजयंता आली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “पण घरी गेले असते तिच्या. वडिलांच्या पाया पडले असते. राखीव ठेवली असती, नुसते चेंडू आणायला ठेवली असती. काहीही केलं असतं. मला कुणी सांगितलंच नाही.”

“कुणाला सांगायचं तिनं? फोनला?”

हे लागलं. लागावं म्हणूनच बोललं होतं ते.

कारण फोनचा नियम वैजयंताचा. प्रशिक्षक झाल्यावर तिनं पहिलं काम हेच केलं. संघ आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळवायचा. जिचं नाव नाही, तिनं दुसऱ्या दिवशी यायची गरज नाही. चारचौघांत रडणं नको, की कुणाची कीव नको. सचिव झाल्यावर तोच नियम तिनं सगळ्या संघांना लावला. मुलींचा मान राखणारा नियम, असं म्हणून बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. तिला त्याचा अभिमान होता आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“मी चांगल्यासाठी केलं होतं ते,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “तुम्ही मला फिरवलंत या रिंगणाभोवती. पंधरा वर्षांची होते मी. सगळी पेठ कट्ट्यावर बसून बघत होती. फक्कीच्या हातानं डोळे पुसले तर डोळे जळायला लागले. त्याच दिवशी ठरवलं, माझ्या हाताखालच्या एकाही पोरीला हे करायला लावायचं नाही.”

“ध्यानात हाय माझ्या. सुतळी ढिली सोडत हुतीस. रिंगण वाकडं झालं.”

“आणि तुम्ही त्यावरच मॅच खेळवलीत.”

“व्हय.”

मैदानाच्या कडेला पोरी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. एक हसत होती, दुसरी तिला गप्प करत होती.

“त्या दिवशी एवढी लाज वाटली,” आपा म्हणाल्या, “तर घरला का गेली न्हाईस?”

“कशी जाणार? रिंगण मारायचं होतं...”

वैजयंता थांबली. आपलंच बोलणं आपल्या कानानं ऐकून माणूस थांबतो, तशी.

आपांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी गुंता सोडवला, सुतळी गुडघ्यावर ताणून बघितली.

“आन् फिरता फिरता मला काय म्हणालीस?”

बैठकांना जाऊन जाऊन वैजयंताची पेठेतली बोली, बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात ती, पार धुतली गेली होती. आता ती कुठून तरी परत आली.

“बूट धाकट्या भावाचं हाईत म्हणालो... बोटं मुडपून खेळतोय म्हणालो. घरात सांगू नका म्हणालो.”

“तवा कळलं मला,” आपा म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आपांनी तिला तिच्या मापाचे बूट आणून दिले होते. त्याबद्दल तेव्हाही दोघी बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत.

वैजयंता रडली. निळ्या कोटाच्या बाहीनं तोंड पुसत, पोरींकडं पाठ करून. आपांना वाईट वाटलं. रेवतीसाठी तर वाटलंच, पण या शहाण्या, कोटातल्या, पंधरा वर्षांच्या पोरीसाठीही वाटलं. त्यांनी तिला रडू दिलं.

मग वैजयंतानं कोट काढला. मातीतच ठेवला. फक्कीचा डबा उचलला आणि हात पुढं केला.

“द्या सुतळी. आज रिंगण मी मारते.”

“डबा ठेव खाली.”

“आपा...”

“तुला कुणी वगळलंय?”

तिनं डबा खाली ठेवला.

“मग कोण मारणार आज?”

“अकराच आल्यात पोरी. वगळायला कोण हाय?”

पूर्वी इथं रविवारी एवढ्या पोरी यायच्या की आपांना नावं लक्षात ठेवता यायची नाहीत. नाव न आलेलीनं घरी थांबायचं, ही सवय एकदा लागली, की ती एका मैदानापुरती राहत नाही. जिल्ह्याच्या संघात ज्यांचं नाव आलं नाही, त्या हळूहळू इकडंही फिरकेनाशा झाल्या होत्या.

पलीकडून कर्णधार पोरीनं हाक दिली. “आपा, समोरची टीम आली. सुरू करूया?”

“थांबा जरा.”

आपा उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, मैदानाच्या मध्यावर गेल्या. खुंटी रोवली. सुतळीचं एक टोक खुंटीला गुंडाळून मुठीत धरलं आणि खाली मातीत बसल्या. दुसरं टोक त्यांनी लांब भिरकावलं. ते मोकळ्या मातीत जाऊन पडलं.

वैजयंता त्या टोकापाशी उभी राहिली. तिनं ते उचललं नाही.

“रेवती येणार नाही, आपा. सासरचे खेळायला पाठवणार नाहीत तिला.”

“खेळायला कोण बोलवतंय?”

“मग काय सांगू जाऊन?”

दोन्ही संघ कडेला उभे होते. पोरींची बडबड बंद झाली होती. आपांनी मूठ आवळली आणि सुतळीला बारीकसा ताण दिला. मातीतलं ते टोक जरासं हललं...

“सांग, रिंगण राहिलंय. मी सुतळी धरून बसलोय.”